बंदुकीची राखण

घराच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारा गृहस्थ हा महाराष्ट्राच्या समाजजीवनातील विरळा, परंतु अभ्यासास अत्यंत योग्य असा घटक आहे. सामान्य समज असा की बंदूक घराचे रक्षण करते. प्रत्यक्षात कायदा, नियम, हवामान, निवडणुका आणि गृहिणी या पाच शक्तींच्या एकत्रित प्रभावाखाली घरच बंदुकीचे रक्षण करू लागते, आणि हा उलटा व्यवहार इतक्या सावकाश व इतका रीतसर घडून येतो की परवानाधारकाला, म्हणजे ज्याच्या नावावर ती चढलेली असते त्या कुटुंबप्रमुखाला, आपण मालकाचे राखणदार केव्हा झालो याचा पत्ता लागत नाही. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा टप्प्याटप्प्याने विचार करावयाचा आहे.

विषयाचा उगम राज्यकर्त्यांच्या भयात आहे. १८५७च्या उठावाची धास्ती पुरती ओसरली नसताना, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत, १८७८ साली हिंदी शस्त्र कायदा झाला आणि परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा एतद्देशीयांसाठी गुन्हा ठरला. युरोपीय लोकांना त्यातून सूट होती, कारण त्यांच्या हाती गेलेली बंदूक बहुधा आपोआपच सुसंस्कृत होत असावी. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही लिटनच्याच राजवटीत त्याच वर्षी आला, त्यामुळे बंदूक आणि लेखणी या दोहोंवर एकदमच सरकारी नजर बसली. पुढे लॉर्ड रिपनने लेखणी सोडवली, बंदूक तशीच अडकून राहिली, आणि काँग्रेसच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा संमत होऊन १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने जुना कायदा काढून टाकला आणि परवाना ठेवला, म्हणजेच पूर्वी जी यातायात प्रामुख्याने हिंदी माणसाच्या वाट्याला येत असे ती आता सर्व नागरिकांना समानतेने उपलब्ध झाली.

परवाना देण्याचा अधिकार जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे असतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते, आणि अर्ज आल्यावर जवळच्या पोलीस ठाण्याकडून त्याच्याविषयी अहवाल मागवला जातो. या चौकशीत अर्जदाराला दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी सिद्ध कराव्या लागतात. त्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे, म्हणजे त्याच्या वाईटावर कोणीतरी टपलेले आहे, हे एकीकडे दाखवावे लागते; आणि तो शांत, मनमिळाऊ, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला सद्गृहस्थ आहे, हे दुसरीकडे शेजाऱ्यांकडून वदवून घ्यावे लागते. भांडकुदळ माणसाच्या हाती बंदूक देणे धोक्याचे आणि अजातशत्रूच्या हाती देणे निरर्थक, असा हा पेच असून, ज्याचे शत्रू भरपूर आहेत परंतु त्यांच्यातील एकही राहत्या गल्लीत राहत नाही असाच मनुष्य त्यातून सुखरूप बाहेर पडू शकतो.

२०१६ साली शस्त्र नियमावली नव्याने जाहीर झाली, आणि तिने या अर्जाला आणखी काही कागदांची जोड दिली. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, ते सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शारीरिक व मानसिक स्वास्थ्याविषयीचे वैद्यकीय प्रमाणपत्र हे त्यांतील मुख्य होत. यांपैकी मानसिक स्वास्थ्याचा दाखला अर्जाबरोबरच मागण्यात नियम करणाऱ्यांची दूरदृष्टी दिसते, कारण सर्व खेपा पूर्ण झाल्यानंतर तोच दाखला त्याच डॉक्टरांकडून मिळेल याची खात्री कोणालाही देता येणार नाही. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असेही कायद्याने स्पष्ट म्हटले आहे; म्हणजे ज्याच्या घरी चोरण्यासारखे काहीही नाही, त्यालाही त्या अभावाचे सशस्त्र रक्षण करण्याची मुभा आहे.

परवाना हाती आल्यावर निवडीचा प्रश्न उभा राहतो, आणि येथे परिभाषा समजून घेणे अगत्याचे ठरते. कायद्याच्या दृष्टीने शस्त्रांचे निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर असे दोन वर्ग पडतात. लष्कर व पोलीस ज्या मापाच्या गोळ्या वापरतात, उदाहरणार्थ ९ मिलिमीटर किंवा .३०३, ती मापे पहिल्या वर्गात जातात आणि सामान्य नागरिकाला दुसऱ्या वर्गावर समाधान मानावे लागते. त्यातील सर्वपरिचित शस्त्र म्हणजे बारा बोअरची छऱ्याची बंदूक. बारा बोअर याचा अर्थ असा की या नळीत अचूक बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन मिळून एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, भरते. या हिशेबाने आकडा जसजसा वाढतो तसतशी नळी बारीक होत जाते, आणि वीस बोअरची बंदूक बारा बोअरपेक्षा लहान निघते. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र .३२ हा आकडा इंचाचा भाग दाखवतो, त्यामुळे तेथे मोठा आकडा म्हणजे मोठी गोळी. जन्मात प्रथमच शस्त्रविक्रेत्याची पायरी चढलेल्या गृहस्थाला ही दोन गणिते एका दमात समजावून सांगितली जातात, आणि तो मान डोलावून दुकानातील सर्वांत चकचकीत वस्तूकडे बोट दाखवतो.

कायद्याचा कल लांब बंदुकीकडे आहे. गुळगुळीत, म्हणजे आतून आटे न पाडलेल्या, किमान २० इंच लांबीच्या नळीची बंदूक संरक्षणासाठी वा खेळासाठी मागणाऱ्याला परवाना देण्याच्या बाबतीत कायदा त्यातल्या त्यात उदार आहे, कारण अशी बंदूक खिशात लपत नाही. मात्र ज्या वास्तूचे रक्षण करावयाचे तिच्या रचनेचा विचार कायदा करीत नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत, जेथे शौचालयाचे दार उघडल्यावर स्वयंपाकघराचे दार उघडत नाही, तेथे दस्त्यासह साडेतीन-चार फूट भरणारी दुनळी बंदूक घेऊन वळणे ही केवळ कवायत नसून स्थापत्याची समस्या आहे. चोराने दिवाणखान्यातून शयनगृहाकडे मोर्चा वळवल्यास गृहस्थाला नळी आधी पंख्यापासून, मग देवघराच्या झुंबरापासून आणि शेवटी स्वतःच्या सासूपासून सांभाळत फिरवावी लागते, आणि तोवर चोर आपले काम आटोपून जिन्यावर पोचलेला असतो.

त्यामुळे शहरी गृहस्थाचे मन रिव्हॉल्व्हरकडे ओढ घेते. परदेशी शस्त्रांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८०च्या दशकापासून बंद असल्याने जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरना जुन्या वाड्यांसारखा भाव आला आहे, आणि नव्या मालासाठी मुख्यतः कानपूरच्या सरकारी कारखान्यांकडे पाहावे लागत आले आहे. तेथेच २०१४ साली 'निर्भीक' हे स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर तयार झाले आणि त्याची किंमत १,२२,३६० रुपये ठेवण्यात आली. या किमतीचा गृहसंरक्षणशास्त्राच्या दृष्टीने एक सूक्ष्म परिणाम होतो. ज्या घरात दूरचित्रवाणी संच, मिक्सर आणि पितळी समई यांपलीकडे काही नव्हते, त्या घरात आता चोरण्याजोगी एक वस्तू प्रथमच दाखल होते, आणि चोराने येण्याचे कारण व चोराला रोखण्याचे साधन ही दोन्ही एकाच कपाटात नांदू लागतात.

ग्रामीण महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, शेतीसंरक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीची परंपरा आहे. रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी असलेल्या या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतून, वर बोळा घालून, छर्रे सोडून, पुन्हा बोळा बसवून, गजाने सर्व ठासून, अखेरीस घोड्याखाली स्फोटक टोपी बसवल्यावर एक बार निघतो. एवढा वेळ थांबून राहण्याइतका सुसंस्कृत दरोडेखोर आढळणे कठीण असले, तरी रानडुक्कर पुष्कळदा थांबते, कारण त्याचे जेवण चालू असते. परवान्यावाचून मिळणारे शस्त्र हवे असल्यास .१७७ इंच मापाची आणि २० ज्यूलहून अधिक जोर नसलेली हवेची बंदूक घेता येते, परंतु जत्रेत फुगे फोडण्याचा तिचा लौकिक इतका दूरवर पोचलेला आहे की तिच्यासमोर उभा राहिलेला चोर बक्षीस काय, असे विचारण्याचा संभव अधिक.

आता ठेवण्याचा प्रश्न. येथे नियम आणि विवेक या दोहोंचे एकमत आहे: बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि दोन्ही किल्ल्या मुलाबाळांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी असाव्यात. या बाबतीत विनोदाला जागा नाही, कारण उशाखाली ठेवलेले भरलेले पिस्तूल चोराआधी घरातल्याच कुतूहलाच्या हाती पडण्याचे भय असते. तथापि हे सर्व काटेकोर पाळल्यावर रात्री दोनच्या सुमाराचे चित्र काय होते, तेही पाहिले पाहिजे. स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली की गृहस्थ उठतो, चष्मा शोधतो, तिजोरीची किल्ली ज्या डब्यात असते तो डबा आठवतो, तो गृहिणीने दिवाळीच्या साफसफाईत हलवला असल्याचे त्याच्या ध्यानी येते, तो तिला हळूच उठवतो, ती हळूच न उठता मोठ्याने काय आहे असे विचारते, आणि त्या एका प्रश्नाने चोर पसार होतो. घराचे रक्षण झाले हे खरे, पण ते कोणत्या शस्त्राने झाले याची नोंद कोणत्याही परवान्यावर होत नाही.

देखभालीचे शास्त्र याहून खडतर आहे. आटेदार असो वा गुळगुळीत, नळी पोलादाची असते आणि पोलादाला कोकणचा पावसाळा मानवत नाही, त्यामुळे मृग नक्षत्रापासून पुढे दर काही दिवसांनी गजाला तेलाची चिंधी गुंडाळून नळी आतून पुसावी लागते. कागदी पुंगळीची जुनी काडतुसे दमट हवेत फुगतात आणि मग ती नळीत जात नाहीत, किंवा गेलीच तर निघत नाहीत. काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे दिसली की पुणेकराला थोडा आपलेपणा वाटतो, कारण ती पुण्याजवळच्या खडकीच्या, म्हणजे इंग्रजांच्या किर्कीच्या, दारूगोळा कारखान्याची खूण आहे. एका वेळी किती काडतुसे बाळगावीत आणि वर्षभरात किती घ्यावीत याचे आकडे परवान्यावर असतात. ही मर्यादा ओलांडण्याचा प्रसंग बहुतेकांवर येत नाही, कारण लग्नाच्या वरातीत बार काढणे हे २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस वा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरवले आहे आणि शिकारीची हौस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यापूर्वीच मिटवली आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, म्हणजे बंदुका कमी झाल्या आणि त्यांचा सहवास वाढला.

घर सोडून जाण्याची वेळ आली की खरी परीक्षा होते. कुटुंब आठवडाभर गावी जावयाचे असल्यास कुलूपबंद घरात शस्त्र ठेवून जाण्याचा धीर कोणाला होत नाही, आणि परवान्याचे क्षेत्र मर्यादित असल्यास ते बरोबरही नेता येत नाही. तेव्हा ते सुरक्षित ठेवण्यासाठी शस्त्रविक्रेत्याकडे सोपवण्याचा मार्ग उरतो. परिणाम असा की घर ज्या आठवड्यात ओस आणि असंरक्षित असते, नेमक्या त्या आठवड्यात त्याचा रक्षक अन्यत्र सुखरूप असतो. निवडणुकीच्या काळात तर ही व्यवस्था सार्वत्रिक होते. आचारसंहिता लागली की कोणाची शस्त्रे जमा करून घ्यावीत याचा निर्णय जिल्ह्यातील छाननी समिती घेते, आणि ज्यांच्याविषयी आदेश निघतो ते परवानाधारक पोलीस ठाण्यात शस्त्र देऊन पावती घेतात. २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभा व विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या, त्यामुळे अनेक बंदुकांनी त्या वर्षातील मोठा काळ सशस्त्र पोलिसांच्या पहाऱ्यात घालवला. गृहस्थाला रात्री एवढा बंदोबस्त कधी लाभला नव्हता.

वर्षातील एक दिवस मात्र बंदूक मानाने बाहेर येते, आणि तो म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस, खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रांची पूजा होत असल्याने ती पाटावर मांडली जाते, तिला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते आणि शेजारपाजारच्या मुलांना लांबून दर्शन घडते. परवानाधारकाच्या प्रतिष्ठेचा हा वार्षिक कळस असतो. त्यानंतरचा संपूर्ण दिवस दस्त्याच्या खाचेत गेलेले कुंकू आणि चापाजवळ अडकलेल्या पाकळ्या काढण्यात जातो.

समजा, या सर्वांतून पार पडून गृहस्थ भरलेली बंदूक घेऊन चोरासमोर उभा राहिला, तरी त्याची अखेरची परीक्षा विधीशास्त्राची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क, म्हणजे स्वतःचे वा दुसऱ्याचे शरीर आणि मालमत्ता वाचवण्याचा हक्क, सांगितला आहे. सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. मालमत्तेच्या रक्षणासाठी प्राण घेण्याइतपत हा हक्क वाढतो तो काही ठरावीक प्रसंगीच: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा ज्यात मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशी चोरी व गृहअतिक्रमण. १८६०च्या दंडसंहितेत या ठिकाणी 'रात्री' असा शब्द होता व त्याचा अर्थ वेगळ्या कलमात दिलेला होता, त्याजागी आता थेट सूर्याचा उल्लेख आल्यामुळे पहाटेच्या चोराशी गाठ पडलेल्या गृहस्थाने एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात पंचांग धरणे इष्ट ठरते. चोर उघड्या दारातून आला की कडी काढून आला, यावरही घरफोडी झाली की नाही हे अवलंबून असते, म्हणून चाप ओढण्यापूर्वी त्याला आगमनाचा मार्ग विचारून घेतलेला बरा. चोर हा या कलमांचा नियमित लाभार्थी असल्याने त्याचे उत्तर गृहस्थापेक्षा अचूक असण्याचा संभव असतो.

बंदुकीऐवजी कुत्रा पाळावा, असा सल्ला या टप्प्यावर नेहमी दिला जातो. कुत्र्याला तेल घालावे लागत नाही आणि तो निवडणुकीत जमा करावा लागत नाही हे त्याचे गुण होत. परंतु मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महानगरपालिका कुत्र्यासाठीही परवाना मागते, त्यामुळे परवान्यातून सुटका हा हेतू तेथेही सफल होत नाही. शिवाय बंदूक वारशाने देता येते. २०१६च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर वा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, कायदेशीर वारसाला त्या शस्त्रासाठी परवाना मागता येतो. जमिनीच्या तुकड्यासाठी तीन पिढ्या न्यायालयात घालवणारे भाऊ या वारशाच्या वेळी अचानक उदार होतात आणि तो मान थोरल्याला देऊन मोकळे होतात, हे कुटुंबसंस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट मान्य करावी लागते की परवानाधारकाचे घर खरोखरच सुरक्षित होते. बंदूक घरात आल्यापासून त्याने दाराला दुहेरी कुलूप लावलेले असते, खिडक्यांना जाळी आणि जिन्यात कॅमेरा बसवलेला असतो, घर रिकामे सोडणे बंद केलेले असते, त्याची झोप सावध झालेली असते, ठाण्यातील अंमलदार त्याला नावानिशी ओळखत असतो, आणि चौकशीत त्याच्याविषयी चांगले बोललेल्या शेजाऱ्यांशी त्याला पुढील नूतनीकरणापर्यंत गोडीने वागावे लागत असते. गृहरक्षणाचे याहून पूर्ण उपाय कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाहीत, आणि त्यांतील एकासाठीही गोळी झाडावी लागलेली नाही. म्हणून सुधारणेची एकच सूचना करता येते ती अशी की, शासनाने अर्ज, चौकशी, प्रशिक्षण, दाखले, तिजोरी, नूतनीकरण आणि निवडणुकीतील पावती हे सर्व कायम ठेवून नागरिकांना परवाना मुक्तहस्ते द्यावा आणि बंदूक तेवढी देऊ नये. या सूचनेला विरोध झालाच तर तो खंडेनवमीला पाटावर काय मांडावे या एकाच मुद्द्यावर होईल, आणि त्या दिवशी रिकाम्या तिजोरीच्या किल्लीची पूजा करण्यास धर्मशास्त्राची हरकत असल्याचे आढळत नाही, फक्त ती किल्ली गृहिणीने कोणत्या डब्यात ठेवली आहे हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे.